हा केस कुणाचा?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्याख्यानमालेत याआधी बोलून गेलेल्यांची यादी मी पाहिली. देवराया, नद्यांचं आरोग्य, देशी बियाणं असे सगळे भारदस्त विषय. माझा विषय कळल्यावर कार्यवाहांनी दोनदा फोन करून विचारलं, "म्हणजे कॅमेरा दुरुस्ती का?" दुरुस्ती मला येत नाही. काढलेला स्क्रू परत बसेलच याची खात्री नसणाऱ्यांपैकी मी एक. मला सांगायचंय ते इतकंच, की तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान किड्याचा फोटो या पडद्याएवढा मोठा केला, तर त्यात दिसणाऱ्या गोष्टींपैकी किड्याच्या कोणत्या आणि कॅमेऱ्याच्या कोणत्या, हे ओळखायचं कसं. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या माझ्या कॉलेजातल्या सरांनी हे मला शिकवलं. त्यांनी आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरल्याचं मला आठवत नाही. समोर बसलेल्या सरांच्या पत्नी, काकू, मान हलवतायत, म्हणजे खरंच धरला नव्हता.

एफ. वाय. बी. एस्सी.चं प्रॅक्टिकल. झुरळाच्या मुखांगांची काचपट्टी. मी जर्नलमध्ये झकास आकृती काढली होती आणि जबड्याच्या कडेला एक लांब, किंचित वळलेला केस. तो केस काढायला मला दहा मिनिटं लागली होती. सर मागे येऊन उभे राहिले. पेन्सिलीनं त्या केसावर टक्‌टक्‌ करत म्हणाले, "हा केस कुणाचा?"

"झुरळाचा, सर."

"काचपट्टी सरकव."

सरकवली. झुरळ सरकलं, केस जागचा हलला नाही.

"आता आयपीस फिरव."

फिरवला. केस घड्याळाच्या काट्यासारखा फिरला.

"मग झुरळाचा कसा?"

आयपीसच्या आत कधीतरी पडलेला सुती धागा होता तो. आयपीस फिरवूनही हलला नसता, तर सरांनी मला खालचा ऑब्जेक्टिव्ह फिरवायला लावला असता. त्यानंही काही झालं नसतं, तर मंचाखालचा आरसा. मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्यांची ही जुनीच रीत आहे. एका वेळी एकच वस्तू हलवायची आणि संशयित तिच्याबरोबर जातो का ते बघायचं. जो ज्याच्याबरोबर हलतो, तो त्याचा. पुढे मी कॅमेऱ्यासाठी बरेच पैसे घालवले आणि बरीच पुस्तकं चाळली, पण या वाक्याच्या पुढे फारशी गेले नाही.

आता थोडी ओळख करून देते. साध्या मॅक्रोमध्ये वस्तू जेवढी असते तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. फुलपाखरू, फूल, अंगठीतला खडा, इथवर ते पुरतं. त्याच्या पुढे, पाचपट किंवा दहापट मोठी प्रतिमा घ्यायची, तर कॅमेऱ्याला खास लेन्स किंवा चक्क मायक्रोस्कोपचा ऑब्जेक्टिव्ह लावावा लागतो. दहापटीला ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर किड्याचा फक्त ३.६ बाय २.४ मिलिमीटरचा तुकडा मावतो. आणि खोली? ती मिलिमीटरच्या हजारांशांत मोजायची. डोळा स्पष्ट आला तर सोंड धूसर. म्हणून कॅमेरा रेल्वेसारख्या पट्टीवर बसवून केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरानं पुढे सरकवत शे-दीडशे फोटो काढतात, आणि संगणकातला एक प्रोग्रॅम प्रत्येक फोटोतला तेवढाच स्पष्ट भाग उचलून सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो. याला म्हणतात फोकस स्टॅकिंग. गोधडी शिवण्यासारखं आहे. फरक इतकाच, की गोधडीत कुठला तुकडा कोणत्या लुगड्याचा ते आजीला पाठ असतं.

मे महिन्यातली गोष्ट. वर्षाचा तांदूळ भरायचे दिवस. मागच्या वर्षीच्या डब्याच्या तळाशी सोंडे झाले होते. तुमच्याकडे पोरकिडे म्हणत असाल. तांदळातल्या या सोंड्याच्या पाठीवर, पंखांच्या टणक झाकणांवर, चार तांबूस ठिपके असतात. याचा थंड देशांत धान्यकोठारात राहणारा चुलतभाऊ आहे, त्याला ठिपके नसतात आणि उडताही येत नाही. मानेमागच्या ढालीवर दोघांनाही सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतात. आपल्या सोंड्याचे गोल, त्याचे लांबट. तीन मिलिमीटरच्या किड्यात एवढं सामान. मला मोह आवरला नाही. एक मेलेला सोंडा घेतला, टाचणीच्या टोकावर डिंकाच्या थेंबानं चिकटवला, आणि पाचपट मोठा करून फोटो काढायला बसले. दर फ्रेमला बारा मायक्रॉन पुढे, म्हणजे मिलिमीटरचे बारा हजारांश. एकशे चाळीस फ्रेम. एलईडीचा प्रकाश, प्रत्येक फोटोला १.६ सेकंद. पंख्यानं किडा हलतो म्हणून पंखा बंद, आणि खोलीत ३८ अंश.

दुपारी स्टॅक तयार झाला. ठिपके सुरेख आले होते, खड्डे गोल होते. आणि मानेच्या ढालीवर आठ बारीक केस. काही तांबडे, दोन निळसर. सोंड्याच्या अंगावर केस असतातच, पण ते पिवळट आणि आखूड. हे रंगीत केस मी कुठे पाहिले नव्हते. माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मित्राला पाठवायला ईमेलही लिहून झाला होता.

चहा करायला उठले, परत येऊन लांबून पाहिलं, तर त्या आठ केसांचं वागणं विचित्र वाटलं. किड्याचे खरे केस अंगाच्या उतारानं जातात, डोक्याकडून शेपटीकडे, गाईच्या अंगावरच्या केसांसारखे. हे आठ तसे नव्हते. डावीकडचे उजवीकडे रोखलेले, वरचे खाली, खालचे वर. सगळे मिळून एका बिंदूकडे बघत होते आणि तो बिंदू सोंड्याच्या अंगावर कुठेही खास जागी नव्हता. तो होता फोटोच्या बरोब्बर मध्यावर.

सोंड्याला माझ्या फोटोचा मध्य कुठे आहे हे कसं कळणार?

ते केस सेन्सरचे होते. कसे, ते समजण्यासाठी कोकणात जाऊ. डोंगरउतारावरची भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणा. सेन्सर म्हणजे अशीच खाचरं. माझ्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख, प्रत्येक सहा मायक्रॉनचं. पाऊस म्हणजे प्रकाश. शटर उघडलं की पाऊस सुरू, मिटलं की बंद, मग प्रत्येक खाचरातलं पाणी मोजायचं, तो फोटो. ज्या सीसीडी सेन्सरनं या सगळ्याची सुरुवात केली, तो १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी कल्पिला. त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं २००९ मध्ये, चाळीस वर्षांनी. आज आपल्या हातातले कॅमेरे सीमॉस जातीच्या सेन्सरचे आहेत, पण खाचरांचं तत्त्व तेच.

आता, कोट्यवधी खाचरांमध्ये काही खाचरांच्या तळाला झरा असायचाच. पाऊस नसला तरी ती भरत राहतात. याला म्हणतात हॉट पिक्सेल. सिलिकॉनमधल्या उष्णतेनंच इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्रकाशाचे म्हणून मोजले जातात. प्रत्येक पिक्सेलमध्ये हे थोडं होतंच, सदोष पिक्सेलमध्ये फार. आणि तापमान वाढलं की झरा फोफावतो. साधारण सहा ते आठ अंशांना गळती दुप्पट. महाबळेश्वरला डिसेंबरात निर्मळ वाटणारा सेन्सर मे महिन्यात पंखा बंद केलेल्या खोलीत रंगपंचमी खेळतो. फ्लॅशवाल्यांना हे फारसं जाणवत नाही, कारण शटर इतका थोडा वेळ उघडं असतं की झऱ्याला पाझरायला सवडच मिळत नाही. एलईडी लावून सेकंद-सेकंदभर शटर उघडणाऱ्या माझ्यासारख्यांचं हे दुखणं.

पण ठिपक्याचा केस कसा झाला? कॅमेरा पुढे सरकतो तशी किड्याची प्रतिमा थोडी थोडी मोठी होत जाते. स्टॅक करणारा प्रोग्रॅम सगळ्या फ्रेम एका मापात आणायला प्रत्येक फ्रेम मध्याभोवती जराशी लहान-मोठी करतो. किडा त्यामुळे नीट एकावर एक बसतो. हॉट पिक्सेल मात्र प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी असतो, त्यामुळे नेमका तोच सरकतो, मध्याच्या दिशेनं. एकशे चाळीस फ्रेममधले एकशे चाळीस ठिपके एका ओळीत. पंचवीस-तीस पिक्सेल लांबीची रेघ. वर आणखी दुर्दैव असं, की प्रोग्रॅमला जे तीक्ष्ण ते आवडतं. किड्याचा प्रत्येक भाग चार-दोन फ्रेममध्येच स्पष्ट, हा ठिपका सगळ्यांत सारखाच स्पष्ट. म्हणून प्रत्येक वेळी निवडून येतो. उमेदवार नालायक असला तरी कायम मतदारसंघात हजर असतो, त्यातला प्रकार.

सरांची रीतच इथे उलटी होऊन आली होती. किडा हलवायचं काम प्रोग्रॅमनं केलं होतं. जो किड्याबरोबर गेला नाही तो किड्याचा नव्हता.

आत्ता एक गंमत आयतीच झालीय. पडद्यावर खाली उजवीकडे एक निळा ठिपका दिसतोय का? मागच्या रांगांतून दिसणार नाही. मी पुढची स्लाइड लावते. ठिपका तिथेच आहे. म्हणजे तो सोंड्याचा नाही आणि माझ्या फोटोचाही नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तो नाही. राहिला प्रोजेक्टर. प्रोजेक्टर मंडळाचा आहे, त्यामुळे पुढे मी काही बोलत नाही. (छापील मजकुरात हा ठिपका दाखवता येत नाही, वाचकांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.)

आणखी एक पुरावा सांगते, माझा सगळ्यात आवडता. लेन्सच्या छिद्राचा २.८ असा आकडा तिच्यावर छापलेला असला, तरी पाचपट मोठेपणाला तो २.८ राहत नाही. त्याला एक अधिक पाच, म्हणजे सहानं गुणायचं. १६.८ होतो. हौसेनं लेन्स ८ वर बंद केली, तर ४८. इतक्या अरुंद वाटेनं आलेला प्रकाश पसरतो. १६.८ ला आदर्श लेन्सही एका बिंदूची प्रतिमा सुमारे बावीस मायक्रॉन रुंद चकतीसारखी काढते, ४८ ला चौसष्ट मायक्रॉनची. माझ्या सेन्सरचं खाचर सहा मायक्रॉनचं. म्हणजे लेन्समधून आलेला बारीकात बारीक कणसुद्धा तीन-चार पिक्सेल तरी व्यापणारच, आणि त्याच्या कडा मवाळ असणार. तेव्हा न स्टॅक केलेल्या एकेकट्या फ्रेममध्ये एकच पिक्सेल लखलखत असेल आणि शेजारी गाढ काळोख असेल, तर तो लेन्समधून आलेलाच नाही. लेन्सला इतकं बारीक काढताच येत नाही! जाड टोकाच्या बोरूनं लिहिलेल्या पत्रात सुईच्या टोकाएवढा ठिपका सापडावा, तसं आहे. तो लिहिणाऱ्याचा नसणार, कागदाचा असणार.

हे रॉ, म्हणजे सेन्सरच्या मूळ मोजणीच्या, फाइलमध्ये पाहायचं. जेपेगमध्ये तो एकटा राहत नाही. प्रत्येक पिक्सेलवर तांबडी, हिरवी किंवा निळी एकेक काच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, पेटंट १९७६ चं. हिरव्या काचा निम्म्या असतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजानं भरतात, त्यामुळे एका पिक्सेलचा दोष शेजाऱ्यांच्या घरात शिरतो आणि अधिकच्या चिन्हासारखा छोटा डाग पडतो. रंग मात्र शुद्ध तांबडा, शुद्ध हिरवा किंवा शुद्ध निळा. सोंड्याच्या अंगावर असला रंग कुठून येणार! माझ्या आठ केसांतले दोन निळे होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. उत्साहाच्या भरात दिसलं नाही.

पक्की खात्री करायची असेल तर पाऊस थांबवून खाचरं मोजायची. लेन्सला झाकण लावायचं, तोच आयएसओ, तितकेच सेकंद, आणि काळोखाचे दोन फोटो काढायचे. दोन का, तर एकात दिसतो आणि दुसऱ्यात नाही तो नुसता गोंगाट; दोन्हींत त्याच जागी दिसतो तो झरा. याला डार्क फ्रेम म्हणतात. पण कधी काढायची, इथे लोक चुकतात. सकाळी गार कॅमेऱ्यावर काढलेली काळी फ्रेम दुपारच्या स्टॅकला काहीच सांगत नाही. स्टॅक संपल्या संपल्या, सेन्सर तापलेला असतानाच काढायला हवी. मी त्या दिवशी पंखा बंद ठेवूनच झाकण लावलं आणि आठच्या आठ आरोपी आपापल्या जागी सापडले. रेघा नव्हत्या, ठिपके होते. काही कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये असे पिक्सेल हुडकून त्यांची नावं काढून टाकायची सोय असते. ती वर्षातून एकदा तरी वापरावी. एरवी मेलेला पिक्सेल म्हणजे कायम कोरडं खाचर, त्याचं एवढं दुःख करू नये.

आता धूळ. सेन्सरवर धूळ बसली असं आपण म्हणतो, पण ती सेन्सरवर कधीच बसत नाही. बसते ती त्याच्या वरच्या काचेवर, पिक्सेलपासून एक-दीड मिलिमीटर उंचावर. सगळा खेळ या दीड मिलिमीटरचा. अंगणात उभे राहा. ढगाळ दिवशी तुमची सावली पडत नाही, कारण प्रकाश सगळ्या आभाळातून येतो. उन्हात ठसठशीत पडते, कारण तो एका छोट्या चकतीतून येतो. २.८ ची लेन्स म्हणजे ढगाळ आभाळ. काचेवरच्या ४० मायक्रॉनच्या कणाजवळ प्रकाशाचा सुळका अर्ध्या मिलिमीटरएवढा रुंद असतो आणि तो कण त्यातला शंभरातला एक भागही अडवत नाही. पाचपट मॅक्रोत लेन्स ८ वर आणली की तोच सुळका तीन शतांश मिलिमीटरचा होतो. कण त्यापेक्षा मोठा. सावली काळीकुट्ट. वर्षानुवर्षं लग्नाचे फोटो काढलेला माणूस हौसेनं मॅक्रोकडे वळतो आणि आठवड्यात म्हणतो, "माझा सेन्सर खराब झाला." तो पूर्वीपासूनच तसाच होता हो. ऊन आता पडलं.

धुळीची गंमत अशी, की तिची सावली किड्याच्या अंगावरच्या खऱ्या वस्तूंच्या मापात बसते. ५० मायक्रॉनचा कण पाचपटीला किड्यावर १० मायक्रॉनचा वाटतो. बारीक परागकणाएवढा. फुलावरच्या किड्याच्या फोटोत असे पाच-सहा कण असले, तर कुणी संशय घेणार नाही. उलट कौतुक होईल. स्टॅकमध्ये मात्र ते हॉट पिक्सेलसारखेच घसरतात आणि मागच्या मोकळ्या भागात काळ्या अळ्या रांगल्यासारख्या दिसतात.

ओळखायची रीत तीच. किडा सरकवला आणि डाग राहिला, तर किड्याचा नाही. लेन्स माउंटमध्ये सैल करून जरा फिरवली आणि डाग फिरला, तर लेन्सचा. नाही फिरला, तर सेन्सरच्या काचेचा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तपासायचं असेल, तर फोटो चालू असताना कागद हातानं हलवत राहायचा. नाहीतर पाचपटीला कागदाचे तंतूच जंगलासारखे दिसतात आणि एका प्रश्नाचे दोन होतात. साफ करायला जाल, तेव्हा लक्षात ठेवा, फोटोत डाग वर डावीकडे असेल, तर कॅमेऱ्याच्या तोंडाशी तोंड करून पाहताना तो खाली डावीकडे असतो. प्रतिमा उलटी पडते ना. मी कित्येक दिवस चुकीचा कोपरा घासत होते. आणि तोंडानं फुंकर मारू नका. पावसाळ्यात तर नकोच. थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर वापरा, त्यानं नाही गेलं तर ओल्या स्वॅबची भानगड ज्याला जमते त्याच्याकडे जा.

डाग नेहमी बाहेरूनच येतो असंही नाही. २०१२ साली निकॉनच्या डी६०० कॅमेऱ्यात फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात डाग जमतात, अशा तक्रारी जगभरातून आल्या. पुढच्या वर्षी डी६१० आला तो नवं शटर घेऊन, आणि नंतर कंपनीनं जुन्या कॅमेऱ्यांची शटरं फुकट बदलून दिली. तिथे ग्राहकांनी काय केलं होतं? कोऱ्या आभाळाचे फोटो हजार, दोन हजार क्लिकनंतर पुन्हा पुन्हा काढले आणि डाग नेहमी त्याच कोपऱ्यात वाढतात हे दाखवलं. सरांनी त्यांना जर्नलवर सही दिली असती.

आता माझी फजिती. एकदा प्रत्येक फोटोत आडवे पट्टे यायला लागले. फिकट, गडद, फिकट, गडद, मोजून पाच. पट्टे म्हणजे सेन्सरच्या वाचन-सर्किटमधला बिघाड असतो, असं वाचलं होतं. कॅमेरा सर्व्हिस सेंटरला दिला. तीन आठवड्यांनी परत आला, सोबत बिल आणि कागदावर एक ओळ: दोष आढळला नाही. मी चिडले. दोन चार दिवस सगळ्यांना ऐकवलं. मग एका संध्याकाळी वीज गेली. मी इन्व्हर्टरच्या भानगडीत न पडता बॅटरीचा दिवा लावून फोटो काढला आणि पट्टे गायब.

दोषी होता आठवडी बाजारातून आणलेला एलईडीचा दिवा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदात शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकदम वाचत नाही, वरून खाली एकेक करत वाचतं. माझ्या कॅमेऱ्याला त्यासाठी सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा पाच वेळा डोळे मिचकावतो. पाच पट्टे! तपासायलाही सोपं होतं. शटर एक-पन्नासांशावर ठेवलं की पूर्ण मिचकावण्या मावतात आणि पट्टे जातात. एक-एकशेसाठांशावर ठेवलं की परत येतात. शिवाय लागोपाठच्या फोटोंत पट्टे सरकलेले होते. सेन्सरचे असते, तर बऱ्याचदा एकाच जागी बसून राहिले असते. मी दिवा बदलून पाहिला नव्हता. झुरळ हलवलं होतं, आयपीस फिरवायचा राहिला होता.

माझा अनुभव सांगते, आकडेवारी नव्हे: लोक माझ्याकडे 'सेन्सर गेला' म्हणून जे फोटो आणतात, त्यातल्या बहुतेकांत सेन्सर निर्दोष असतो. मध्यभागी पांढुरका डाग आहे? लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या बेलोजच्या किंवा नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवरून प्रकाश परततोय. आतून काळं मखमली कापड लावा आणि पुन्हा काढा. सगळं किंचित दुहेरी दिसतंय? टेबल हलतंय, खाली मिक्सर चालू असेल. सेन्सर मुका आहे म्हणून त्याच्या माथी सगळं मारलं जातं.

या बाबतीत खगोलवाल्यांचं मला फार कौतुक. पुण्याहून जुन्नरच्या बाजूला, गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींवर काम करणारी मंडळी ताऱ्यांच्या फोटोंबरोबर काळोखाचे आणि एकसारख्या उजेडाचे फोटोही नेमानं काढतात. त्यांच्या उजेडाच्या फोटोत धुळीचे डाग चकलीच्या वेढ्यासारखे गोल, मध्ये पोकळ दिसतात, कारण आरशाच्या दुर्बिणीत मध्यभागी दुसरा आरसा आडवा असतो आणि प्रत्येक कण त्या बांगडीसारख्या उजेडाची सावली पाडतो. डागाच्या आकारावरून दुर्बीण ओळखावी! हबल दुर्बिणीची कथा तर आणखी पुढची. अंतराळातल्या कणांच्या माऱ्यानं तिथल्या सेन्सरमध्ये हॉट पिक्सेल सतत वाढतात. म्हणून साधारण महिन्याला एकदा तो थंड ठेवलेला सेन्सर मुद्दाम ऊबदार होऊ देतात आणि पुन्हा गार करतात. बरेच बिघडलेले पिक्सेल त्यानं ताळ्यावर येतात. लोहार ताव देतो तसं. घरी कुणी करू नका.

आता सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप पुसतं. धूळ, ठिपके, गोंगाट. बारशाच्या फोटोला माझी हरकत नाही. पण किड्याच्या अंगावरचे केस मोजून जात ठरवणारा कुणी तुमचा फोटो पाहणार असेल, तर पुसणारा प्रोग्रॅम आठ खोट्या केसांबरोबर दोन खरेही पुसतो आणि कुठले ते सांगत नाही. काही नवे प्रोग्रॅम तर पुसलेल्या जागी शोभेलसं काहीतरी भरतात. तो केस झुरळाचा नाही, आयपीसचा नाही, दिव्याचाही नाही. त्याला फिरवून बघायला काही उरतच नाही. म्हणून मी स्टॅकच्या सगळ्या रॉ फाइली आणि शेवटी काढलेल्या काळ्या फ्रेम आता जपून ठेवते.

आता ठेवते. तेव्हा ठेवत नव्हते. त्या सोंड्याच्या फोटोतले आठ केस मी काढले, कारण ते कुणाचे हे ठरलं होतं. महिन्यानं सरांच्या सांगण्याची आठवण होऊन फोटो पुन्हा बारकाईनं पाहिला, तर नववा सापडला. मागच्या डाव्या पायावर. रंग पिवळट, कडा मवाळ, आणि तो मध्याकडे बघत नाहीये, पायाच्या दिशेनं जातोय. सोंड्याचाच असावा. पण उजव्या पायावर तसा दुसरा नाही, आणि किडा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. मग तुटला असेल. किंवा डिंकाचा तंतू असेल.  एक फ्रेम उघडून पाहिली असती, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण चार जीबी जागा मोकळी करायची म्हणून एकशे चाळीसच्या एकशे चाळीस फ्रेम मी स्टॅक केला त्याच रात्री काढून टाकल्या होत्या. सोंडा तरी असेल म्हणून टेबलाकडे गेले. सासूबाईंनी टेबल आवरलं होतं. टाचणी त्यांनी स्वच्छ पुसून डबीत ठेवली होती.